खाली केलं की चालू

"असंच द्या ना काकू, चालेल मला," गंधार म्हणाला. "एक स्विचच तर राहिलाय. सदाशिव पेठेत माझ्या ओळखीचा एक जण आहे. अर्ध्या तासात बसवून देईल तो."

ते पेडल त्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं, दुसऱ्याच्या घरचं तान्हं मूल धरावं तसं. पेडल म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी अ‍ॅल्युमिनियमची पेटी. गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये ती जोडायची आणि पायाने दाबायची. दाबली की गिटारच्या स्वच्छ सुराला खरखर चढते, धार येते. या पेटीत सगळं जागच्या जागी होतं. फक्त झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात एक भोक रिकामं होतं आणि त्यातून पांढरी, लाल आणि निळी अशा तीन वायरी डोकावत होत्या. तिथे आवाज भरदार करणारा एक छोटा खटका बसायचा होता, बोटाने वर-खाली करायचा टॉगल स्विच. तो बसायच्या आधीच ही पेटी बांधणारे, तनुजाचे वडील अप्पा गेले. त्याला आज सव्वीस दिवस झाले होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तनुजाकडे बघत होती. द्यायचं की ठेवायचं, ते मुलीने ठरवावं, असा तिचा चेहरा.

"कार्यक्रम कधी आहे तुझा?" तनुजाने विचारलं.

"सॅटरडेला, ताई. म्हणजे तशी घाई नाही. म्हणजे आहे, पण..." तो ओशाळला. "काका गेलेत आणि मी इथे येऊन स्विचचं बोलतोय. सॉरी."

"त्यांनी पण पहिल्यांदा स्विचचंच विचारलं असतं. ठेव ते इथे. शनिवारी दुपारी ये. मी बसवून ठेवते."

"तुम्ही?"

"का?"

"नाही, म्हणजे, तुम्हाला येतं?"

"मी दिवसाला चाळीस लोकांचं रक्त काढते. ज्यांची शीर दुसऱ्या कुणाला सापडत नाही त्यांना माझ्याकडे पाठवतात. तीन वायरी मला सापडतील."

गंधारने पेडल टीपॉयवर अलगद ठेवलं आणि चहा अर्धा टाकून तो गेला. आईने कप उचलला.

"लाजलं पोरगं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "बसवशील?"

"बसवते."

"बरं," आई म्हणाली, आणि कप विसळायला आत गेली.

सदाशिव पेठेतला तो माणूस वाईट असेल असं तनुजाला मुळीच वाटत नव्हतं. पण अप्पांचं शेवटचं काम परक्या हातून पुरं व्हावं, हे तिला सोसणारं नव्हतं. आजवर त्यांच्या एकाही पेटीचं झाकण दुरुस्तीसाठी दुसऱ्या कुणी उघडलेलं नव्हतं. ही तर अजून त्यांच्या हातून सुटलीही नव्हती.

अप्पांचं अनंत शेवाळे हे नाव पुण्यातल्या गिटार वाजवणाऱ्या शे-दीडशे पोरांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. हडपसरच्या एका कंपनीत ते रेडिओच्या टेस्टिंगला होते. तयार झालेला प्रत्येक रेडिओ कानाशी धरायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. मग कंपनीने ते खातंच बंद केलं आणि अप्पा कान घेऊन घरी आले. ऑर्केस्ट्रावाल्यांचे आणि बँजो पार्टीवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करू लागले. एकदा कॉलेजातला एक मुलगा बिघडलेलं परदेशी पेडल घेऊन आला. अप्पांनी ते उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "एवढंच?" आठ दिवसांनी त्यांनी त्याच्यापुढे दोन पेट्या ठेवल्या. एक त्याची, एक आपली. मुलाला दोन्हींच्या आवाजात फरक कळला नाही. अप्पांना कळला. तो फरक जाईपर्यंत त्यांनी आणखी सहा केल्या, आणि मग ते थांबलेच नाहीत.

कारखान्यांच्या वायरिंगला लागतात ते ओतीव जंक्शन बॉक्स आणून ते त्यात पेडल बांधायचे. त्यांना स्वतःला गिटार येत नव्हती. तीनच तारा शिल्लक असलेली एक जुनी गिटार गॅलरीतल्या टेबलाला टेकून ठेवलेली असे. तिच्यावर ते फक्त टण्‌ असं वाजवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे.

शेवाळ्यांच्या मळ्यावर बिल्डिंगा उठल्या तेव्हा बाकीचे भाऊ बिल्डर झाले. दत्तोबाकाका तर प्रत्येक लग्नात गाठून विचारायचे, "काय अनंता, डबडी किती झाली?"

"एकशे नव्वद. तुझे मजले किती झाले?"

"सात."

"मग मी पुढं हाय," अप्पा म्हणायचे आणि जिलेबी वाढून घ्यायचे.

एकाच गोष्टीवरून गिऱ्हाइकं त्यांच्याशी वाद घालायची. परदेशी पेडलचा खटका वर केला की चालू होतो. अप्पांच्या पेडलचा खाली केला की. एक मुलगा तनुजासमोरच त्यांना म्हणाला होता, "काका, सगळ्या जगात अप म्हणजे ऑन असतं."

"मग जगातून घ्या," अप्पा शांतपणे म्हणाले. "तुमच्या घरात दिव्याचं बटण कुठं करता? खालीच ना? लहानपणापासून बोटाला तीच सवय हाय. स्टेजवर अंधार असतो. ऐन वेळी बोटानं विचार करत बसायचं का?"

मुलगा पेडल घेऊन गेला.

तनुजाला सोल्डरिंग, म्हणजे वायरींना डाग देणं, त्यांनीच शिकवलं होतं, ती चौथीत असताना. पुढे ती लॅबमध्ये नोकरीला लागली तेव्हा त्यांनी सगळ्या नात्यागोत्यात सांगून टाकलं, "माझ्या पोरीचा हात बघा. सुई आत जाती आन् माणसाला कळत नाय." ती वारज्याला राहायला गेल्यावरही दर रविवारी आली की अप्पा तिला गॅलरीत नेऊन नवीन पेटी उघडून दाखवायचे. त्यामुळे हे काम आपलंच आहे याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

दुपारी आई फॉल लावलेल्या साड्या पोचवायला शेजारच्या सोसायटीत गेली तेव्हा तनुजा अप्पांच्या टेबलाशी बसली. गॅलरीत स्वच्छ उजेड होता. प्लास्टिकच्या डब्या ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येकीवर अप्पांच्या हातची चिठ्ठी. टॉगलच्या डबीत एकच खटका उरला होता. त्याला खाली तीन पाय होते, एकाखाली एक.

तिने वही काढली. या पेडलची सगळी आकृती पेन्सिलने नीट काढलेली होती. कुठला ट्रान्झिस्टर, कुठला कपॅसिटर, कुठे काय. स्विचच्या जागी मात्र अप्पांनी एक चौकोन काढून आत लिहिलं होतं, "नेहमीप्रमाणे."

तनुजाला हसू आलं. नेहमी काय करायचे ते अप्पा?

तिने विचार केला. पांढरी मधली, हे उघड होतं. लाल वायर जायची ती आवाज भरदार करणाऱ्या कपॅसिटरकडे, निळी साध्या आवाजाकडे. खाली केलं की भरदार आवाज हवा. म्हणजे लाल खालच्या पायाला. तिने वायरींची टोकं सोलली, पिळून घेतली आणि तिन्ही डाग दिले. चकचकीत बसले. हात जरासुद्धा हलला नाही. खटका भोकात घालून तिने नट आवळला, जुनी गिटार जोडली आणि दांडी खाली केली.

टण्‌. साधा आवाज.

दांडी वर केली. टण्‌. आवाज खालून भरून आला, गॅलरीच्या जाळीपर्यंत.

उलटं झालं होतं. कुणाला सांगितलं नसतं तर चाललंही असतं. पण अप्पांच्या एवढ्या पेट्या खाली केल्यावर चालू व्हायच्या आणि ही एकच वर केल्यावर होणार, आणि ती तनुजाने बसवलेली असणार.

लाल आणि निळीची अदलाबदल केली की झालं, असं म्हणून तिने खटका पुन्हा बाहेर काढला. निळी लगेच सुटली. लाल सुटेना. तिने पीळ घट्ट दिला होता. तिने सोल्डरिंगचं टोक टेकवून धरलं, आणखी थोडं धरलं, आणि मग प्लास्टिक जळाल्याचा वास आला. खटक्याचा पाय हळूच एका बाजूला कलला. दांडी हलवून बघितली तर ती पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी चारी बाजूंना हलत होती.

तिने सगळ्या डब्या उघडून पाहिल्या. दुसरा टॉगल नव्हता.

आई आली ती दारातूनच म्हणाली, "काय जळालं?"

"स्विच."

आईने पिशवी ठेवली, गॅलरीत आली, टेबलावरचा खटका उचलून उजेडाकडे धरला. "उलटा बसला व्हता का?"

"हो. म्हणून वायरी बदलायला गेले, तर पाय वितळला."

"वायरी कशाला बदलायच्या? नट सैल करायचा आन् खटका जागच्या जागी अर्धा फिरवायचा. वरचं खाली येतं, खालचं वर जातं. झालं." आईने खटका ठेवला. "लाल वरच्या पायाला द्यायची. दांडी खाली असती तवा वरचा पाय लागतो. आतमधी तराजूवानी असतं ते. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर."

तनुजा आईकडे बघत राहिली. ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायलासुद्धा अप्पांची वाट बघणारी आई.

"तुला काय माहीत हे?"

टेबलावर पडलेले वायरीचे बारीक तुकडे ओल्या बोटाने टिपून आईने तळहातावर गोळा केले. मग म्हणाली, "गेल्या दिवाळीनंतर ह्यांचा हात कापाय लागला."

"अप्पांचा?"

"जेवताना नाय. सही करताना नाय. बारीक कामाला हात गेला की कापायचा. पहिल्यांदा मी वायर धरायचे चिमट्यानं, ते डाग द्यायचे. मग ते बी जमंना. मग ते म्हणाले, मुक्ता, तू दे. तुला सुईची सवय हाय." आई अगदी सहज बोलत होती, भाजीचं सांगावं तशी. "एका जागी जास्त धरायचं नाय. ते शेजारी उभे राहून बघायचे आन् 'हं' म्हणायचे. हं म्हटलं की उचलायचं. मागच्या अकरा पेट्या तशाच झाल्या."

"अकरा?"

"ही बारावी. खटका तेवढा राहिला."

"मग तो तू का नाही बसवलास?"

"हं कोण म्हणनार?" आई म्हणाली.

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. तनुजाने तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मला का नाही सांगितलं तुम्ही? मी दर रविवारी येत होते. डॉक्टरला दाखवलं असतं."

"तेच नको व्हतं त्यांना. आन् तुझ्या हाताचं कौतुक करण्यात निम्मा जन्म गेला त्या माणसाचा. त्याच तोंडानं तुला काय सांगायचं, माझा हात कापतो?"

तनुजाने टेबलावरचं भिंग उचललं. तिला ते रविवार आठवले. अप्पा पेटीचं झाकण काढायचे, भिंग तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बघ, डाग कसा बसलाय. मोती. कंपनीत बावीस वर्षांत असा डाग देणारा एक बी भेटला नाय." तिला वाटायचं, म्हातारपणी अप्पा स्वतःचंच कौतुक करायला लागले. ती हसून "वा, अप्पा" म्हणायची. आणि त्या वेळी आई आत स्वयंपाकघरात भांडी लावत असायची, जरा जास्तच आवाज करत.

"आई, ते मला तुझं काम दाखवायचे," ती म्हणाली.

"माहीत हाय मला," आई म्हणाली. "ऐकू यायचं की आत." आणि तळहातावरचे तुकडे टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दोघी स्कूटरवरून बुधवार पेठेत गेल्या. तपकीर गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळेपर्यंत अकरा वाजले. अप्पांचं ठरलेलं दुकान म्हणजे दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढं. काउंटरमागे साईनाथ नावाचे पन्नाशीचे गृहस्थ बसले होते आणि मोबाइलवरून नजर न उचलता समोरच्या गिऱ्हाइकाला "नाहीये" म्हणत होते.

"टॉगल स्विच हवाय. छोटा, तीन पायांचा," तनुजा म्हणाली.

"छोटे शंभर प्रकारचे असतात. नमुना आणलाय?"

तिने पर्समधून वितळलेला खटका काढून काउंटरवर ठेवला. साईनाथांनी तो दोन बोटांनी उचलला.

"कुणी भाजला हा? भरीत करायचं होतं का?"

"मी."

"गॅसवर?"

"सोल्डरिंग करताना."

"तेच म्हणतो." त्यांनी खटका उलटा करून पाहिला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट नजर टाकली. "हा माल माझ्याकडून एकच माणूस नेतो. हडपसरचे शेवाळे. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"आहेत कुठे ते? दोन महिने झाले, माझं डोकं खायला कुणी आलं नाही."

तनुजा काही बोलायच्या आत मागून आई म्हणाली, "वारले ते. महिना होईल आता."

साईनाथांनी मोबाइल उलटा ठेवला. मग स्टूल ओढून वर चढले, मागच्या फळीवरून एक खोका काढला आणि पंधरा-वीस खटके काउंटरवर ओतले.

"घ्या निवडून. ते निवडूनच घ्यायचे. एकेक कानाशी धरून टकटक. मागे गिऱ्हाइकांची रांग, आणि यांचं आपलं संगीत चाललंय. मी म्हणायचो, अहो शेवाळे, सगळे एकाच कारखान्यातले आहेत. तर म्हणायचे, माणसंही एकाच आईच्या पोटची असतात."

आईने पर्स तनुजाकडे दिली, पुढे झाली आणि पहिला खटका उचलून कानाशी धरला. टक. टक. बाजूला ठेवला. दुसरा. टक. टक. बाजूला. मागे दोन मुलं येऊन उभी राहिली होती, त्यातला एक घड्याळ बघत होता. आईने घाई केली नाही. सहावा खटका तिने तीनदा वाजवला, मान थोडी तिरपी करून, आणि तळहातावर ठेवला.

"हा."

साईनाथांनी तो घेऊन स्वतःच्या कानाशी धरला, मग आधीचा एक धरला. "मला तर दोन्ही सारखेच वाटतात बुवा."

"त्यात खर लागती," आई म्हणाली. "ह्याच्यात नाय."

साईनाथांनी खटका कागदाच्या पुडीत बांधला आणि दोन्ही हातांनी आईकडे दिला.

घरी आल्यावर आईने हातपाय धुतले, चष्मा पुसला आणि गॅलरीत गेली. टेबलाच्या खणातून तिने एक चिमटा काढला. त्याच्या टोकांना दोरा गुंडाळलेला होता, वायरीची साल चिरू नये म्हणून. तो तिने तनुजाच्या हातात दिला.

"तू धर. मी डाग देते."

"आणि हं?"

"ते बी तूच म्हण."

"मला कसं कळेल कधी म्हणायचं?"

"सोल्डर वितळून लकाकलं की. पान्याचा थेंब पसरतो तसं दिसंल. पसरला की हं. त्याच्या आधी नाय, नंतर तर नायच."

तनुजाने पांढरी वायर मधल्या पायात धरली. आईने सोल्डरिंगचं टोक टेकवलं. तनुजाने इतक्या जवळून आईचा हात कधी बघितला नव्हता. सुईने टोचून खडबडीत झालेली तर्जनी, नखाशी दोन जागी भाजल्याचे जुने डाग. हे डाग रविवारी जेवण वाढताना तिच्या समोर होते आणि ते फोडणीचे आहेत असं ती समजत होती. तो हात आता हवेत असा थांबला होता की लॅबमधल्या नवीन मुलींना आणून दाखवावा.

थेंब लकाकला.

"हं," तनुजा म्हणाली.

आईने उचललं. लाल वरच्या पायाला. हं. निळी खालच्या पायाला. या वेळी तनुजाला क्षणभर उशीर झाला, पण आईने तिची वाट बघितली नाही. हात आपला आपण उचलला गेला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"म्हणजे तुला हं लागतच नव्हतं," तनुजा म्हणाली.

"मला नव्हतं लागत," आई म्हणाली. "त्यांना लागायचं म्हणाया."

खटका बसवून नटावर फडकं धरून आईने तो आवळला, पेटीला चरा पडू नये म्हणून. मग ती बाजूला झाली. तनुजाने गिटार जोडली, दांडी खाली केली आणि तार छेडली. आवाज भरून आला, फरशीतून तळपायांना जाणवला. आई जाळीतून बाहेर बघत उभी होती. तिने एकदाच मान हलवली आणि कुकर लावायला आत गेली.

शनिवारी दुपारी गंधार आला तो स्वतःची गिटार पाठीला लावूनच. बूट काढतानाच त्याची नजर टीपॉयवर गेली.

"झालं?"

"बघ वाजवून," तनुजा म्हणाली.

तो जमिनीवर मांडी घालून बसला. आधी साधा आवाज लावून त्याने दोन-चार सुरावटी वाजवल्या, मग डोळे गिटारवरच ठेवून हात लांब केला आणि न बघता बोटाने खटका खाली केला. पुढची सुरावट त्याने अर्ध्यावर सोडून दिली. आवाज खोलीत थोडा वेळ तसाच राहिला. तो पुन्हा वाजवायला लागला आणि पाच-सात मिनिटं थांबलाच नाही. आपण कुणाच्या घरी बसलोय हेही तो विसरला होता.

"एक्झॅक्टली तसाच," शेवटी तो म्हणाला. "माझ्या मित्राकडे मार्चमधलं आहे ना काकांचं, सेम टू सेम. मला भीती होती, दुसऱ्या कुणाचा हात लागला तर काहीतरी वेगळं वाटेल म्हणून. कुणाकडून बसवून घेतला, ताई?"

तनुजाने तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. मार्चमधलं पेडल, अकरा पेट्या, चिमटा, सगळं. हे ऐकून या मुलाने आईकडे कसं बघितलं असतं, ते तिला दिसलंच. मग तिला आई दिसली. पाण्याचा पेला हातात घेऊन ती दारात उभी होती आणि तनुजाकडे बघत होती. ही नजर गुरुवारच्या नजरेसारखी ठरवायचं मुलीवर सोपवणारी नव्हती. सांगायचं की नाही ते आईने आधीच ठरवलेलं होतं.

"घरातच बसवला," आई म्हणाली आणि पेला त्याच्यापुढे धरला. "पानी घे. कुठं हाय तुझा कार्यक्रम?"

"कोथरूडला, काकू. एक छोटा हॉल आहे. साडेसहाला सुरू होईल." तो चाचरला. "तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही. खूप लाउड असतं. काका एकदा आले होते, तर कानात कापूस घालून बसले होते. पण शेवटपर्यंत बसले."

"मला कापूस नाय लागत," आई म्हणाली. "त्यांचे कान नाजूक व्हते."

हॉलमध्ये खुर्च्या नव्हत्या. दोन-अडीचशे तरुण मुलं-मुली उभी होती आणि सगळ्यात मागे, भिंतीला लागून, नारायणपेठ साडीतली आई आणि तिच्याशेजारी तनुजा. एका मुलीने कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची आणून आईसमोर ठेवली. आईने तिला "बस गं तूच, मला दिसत नाय बसून" असं सांगितलं. स्टेजवर निळसर अंधार होता. गाणारी मुलगी मधोमध, गंधार डाव्या कडेला. त्याच्या पायाशी चार-पाच पेट्या होत्या, इतक्या लांबून सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या.

पहिली चार गाणी आईने हाताची घडी घालून ऐकली. तिला ती आवडत होती की नाही, ते तनुजाला कळलं नाही. पाचवं गाणं हळू सुरू झालं. गाणारी मुलगी जवळजवळ बोलल्यासारखी गात होती आणि गंधार एकेक तार सुटी वाजवत होता. मग ती गायची थांबली. सगळेच थांबले. त्या शांततेत गंधार जरासा वाकला आणि सरळ झाला.

आणि आवाज आला. तो स्टेजवरून आला नाही, भिंतीतून आला, फरशीतून आला. समोरची मुलं एकदम पुढे सरकली, कुणीतरी हात वर केले, मग सगळ्यांनीच केले. तनुजाच्या पाठीमागची भिंत थरथरत होती.

आई तिच्या कानाशी वाकली.

"आता खाली केलं त्यानं," ती म्हणाली.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या आणि शिट्ट्या थांबेनात. गाणारी मुलगी लवून नमस्कार करत होती, गंधार घाम पुसत हसत होता. तनुजाने टाळ्या वाजवता वाजवता शेजारी बघितलं. स्टेजवरच्यांखेरीज अख्ख्या हॉलमध्ये एकटी आई टाळ्या वाजवत नव्हती. तिने पदर खांद्यावरून नीट घेतला होता, हात खाली सोडले होते आणि टाळ्या संपेपर्यंत ती तशीच ताठ उभी होती.